कार्बन तंतू संमिश्रांचे विद्युतीय वर्तन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथे प्रथम मिग-२१ ही प्रामुख्याने धातूची विमाने तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरहून तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात संमिश्रांचा वाटा सुमारे ४५ टक्के आहे. धातूकडून कार्बनकडे झालेल्या या स्थित्यंतराची चर्चा बहुधा वजन व बळकटी या अंगांनीच होते. प्रस्तुत निबंधात त्याच्या विद्युतीय अंगाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कार्बन तंतूचा आरंभीचा उपयोग विजेच्या दिव्यातच झाला. १८७९ मध्ये एडिसनने कार्बनीकृत सुती धागा दिव्यात वापरला. विद्युतप्रवाहाला रोध करून तापणे व उजळणे हाच त्या धाग्याचा गुण होय. पुढे टंगस्टनने त्याची जागा घेतली. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी उच्च बळाचे ग्रॅफाइट तंतू मिळविले. १९६० च्या दशकात जपानचे अकिओ शिंदो आणि ब्रिटनमधील फार्नबरोचे विल्यम वॅट यांच्या संशोधनाने आजच्या तंतूंचा पाया घातला. आता तंतूची ओळख बळकटीमुळे झाली. त्याचा विद्युतरोध मात्र कायम राहिला.

विद्युतीय स्वरूप

संमिश्रात तंतू वाहक, तर त्यांना बांधणारी इपॉक्सी राळ विद्युतरोधक असते. त्यामुळे वाहकता दिशेनुसार बदलते. तंतूंच्या दिशेनेही ती अॅल्युमिनियमच्या सुमारे एक हजारांश असते. आडव्या दिशेने ती तंतूंच्या परस्परस्पर्शावर अवलंबून असल्याने आणखी घटते. विमानावर वीज कोसळल्यास सुमारे दोन लाख अँपिअरपर्यंतचा प्रवाह गृहीत धरून रचना करावी लागते. धातूचे कवच तो सहज वाहून नेते. संमिश्रात मात्र उष्णतेने राळ जळते व थर सुटतात. म्हणून बोइंग ७८७ सारख्या विमानांच्या पृष्ठभागात धातूची बारीक जाळी बसवावी लागली. शिवाय कार्बनला चिकटून असलेले अॅल्युमिनियम ओलाव्यात गंजते. यास्तव दोहोंमध्ये काचतंतूचा थर देतात.

मात्र हाच रोध उपयुक्तही ठरतो. तंतू तुटला की रोध वाढतो; तो मोजून आतील इजा ओळखण्याचे प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून होत आहेत.

समारोप

धातूच्या विमानात वाहकता विनासायास लाभत असे; संमिश्राच्या विमानात ती हेतुपूर्वक रचावी लागते. हलकेपणाचे मोल मोजताना जाळीचे व जोडण्यांचे वजनही हिशेबात धरले पाहिजे. पदार्थविज्ञानाच्या अध्यापनात बळ आणि विद्युत ही प्रकरणे स्वतंत्रपणे शिकविली जातात. कार्बन तंतूचा इतिहास त्यांना एकत्र आणतो.