बागेचे पैसे कुणी भरले?

शिवाजी पार्कावर संध्याकाळी चक्कर मारणाऱ्याला वाटतं, हे मैदान इथं होतंच. तसं नाही. नगरपालिकेने ते १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं केलं. शिवाजी महाराजांचं नाव १९२७ मध्ये लागलं, तेही नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे. सुमारे २८ एकर मैदान आधी, भोवतालच्या बहुतेक इमारती नंतर, असा तो क्रम.

या क्रमाचं मूळ प्लेगात आहे. १८९६ साली मांडवीच्या दाट वस्तीत साथ सुरू झाली आणि मुंबई हादरली. सरकारने १८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टची रीत सरळ होती. दादर, माटुंगा, शीव इकडची शेतं आणि खाचरं ताब्यात घ्यायची, भर टाकायची, रस्ते, गटारं, बागा आखायच्या, आणि मग प्लॉट लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. सुरुवातीचा पैसा कर्जाचा, फेड भाड्यातून. म्हणजे पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सचा खर्च शेजारच्या प्लॉटांनीच उचलला म्हणा ना! ट्रस्टचं सगळंच गोड नव्हतं. जुन्या वस्त्या पाडल्या, पण तिथल्या गरिबांना पुरेशी घरं मिळाली नाहीत. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला.

पुढे १९६६ चा नगररचना कायदा आला, १९६७ मध्ये शहराचा विकास आराखडा मंजूर झाला. आराखड्यात हिरवे ठिपके भरपूर. पण जमीन दुसऱ्याची आणि ती घ्यायला पालिकेच्या तिजोरीत पैसा अपुरा. कायद्याचं कलम १२७ असं की, दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. माझ्या मते बागा इथंच हरवल्या.

१९९१ च्या नियमावलीने रोखीऐवजी टी. डी. आर. आणला. बागेची जमीन द्या, तेवढं बांधकाम दुसरीकडे करा किंवा तो हक्क विका. पालिकेचा पैसा वाचला खरा, पण शहरातल्या जागेबद्दलचे मजले उपनगरांत चढले. बाग एकीकडे, वाढीव माणसं आपल्याकडे!

त्याच नियमावलीत आपल्या कामाची तरतूद होती. मोठ्या भूखंडावर, आकारमानाप्रमाणे १५, २० किंवा २५ टक्के जागा मोकळी ठेवायची. तीच नकाशातली ‘आर. जी.’. ती पालिकेने फुकट दिलेली नाही, फ्लॅटच्या किमतीत आपणच तिचे पैसे भरलेत. म्हणून तिथं गाड्या लावण्याचा विषय निघाला की मला राग येतो.

बिल्डर ही जागा पोडियमवर दाखवू लागले, तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमाप्रमाणे लागणारी किमान आर. जी. जमिनीवरच हवी. पोडियमच्या दोन-चार फूट मातीत वड-पिंपळ काय धरणार? २०१८ मध्ये पुन्हा नवी नियमावली आली. तेव्हा पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावात जमिनीवरची जागा किती चौरस मीटर आणि पोडियमवरची किती, हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत, असं मी कमिटीला सुचवलं आहे.