परदेशी जावई आणि सयामची माती

नोकरीनिमित्त स्वप्रांतापासून दूर राहणाऱ्या मनुष्यास "आपले घर कुठले ?" हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो, आणि त्याचे सरळ उत्तर देणे सोपे नसते. आम्ही राहतो ते घर सरकारचे. ज्या गावास आम्ही आपले म्हणतो तेथल्या सात-बाराच्या उताऱ्यावर आमचे नाव असलेच, तर ते पाच-सात भाऊबंदांच्या नावांखाली कोठेतरी असते. तरीही निवृत्तीनंतर दोन गुंठे जागा घेऊन घर बांधण्याची आशा आम्हांस कोणी नाकारीत नाही. परंतु ज्याने परदेशी जाऊन तेथील स्त्रीशी विवाह केला, तेथेच मुले वाढविली, आणि ज्यास त्या देशाचा कायदा "ही जमीन तुझ्या नावे होणार नाही" असे स्वच्छ सांगतो, त्याने आपले घर कोणते म्हणावे ? आणि त्याच्याशी लग्न केल्यामुळे जिच्या स्वतःच्या हक्कास बाध येतो त्या स्त्रीने काय करावे ? सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, हा प्रश्न निदान चारशे वर्षांचा आहे.

आरंभी दोन शब्दांची ओळख करून घेणे उचित होईल. युरोपियनास थाई मनुष्य 'फरांग' म्हणतो. आपल्या 'फिरंगी' शब्दाचाच हा सख्खा भाऊ होय. हिंदी, मलायी इत्यादी लोकांस तो 'खेक' म्हणतो, आणि ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहुणा'. परक्याकडे पाहण्याची त्या समाजाची दृष्टी ह्या एका शब्दात आली आहे. पाहुण्याचा सत्कार होतो, त्याला मुलगीही मिळते. परंतु पाहुण्याच्या नावे शेत होत नाही.

आयुथ्या हे राजधानीचे नगर १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त करीपर्यंत आशियातील एक मोठी बाजारपेठ होते. पोर्तुगीज, डच, जपानी, चिनी, इराणी अशा लोकांच्या वेगवेगळ्या वसाहती राजाज्ञेने नेमून दिलेल्या होत्या. व्यापारी एकटे येत आणि स्थानिक स्त्रियांशी संसार थाटीत. ह्या स्त्रिया केवळ गृहिणी नव्हत्या. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या मा हुआन नामक चिनी प्रवाशाने लिहून ठेवले आहे की येथे राजापासून रंकापर्यंत सर्वजण महत्त्वाचे निर्णय बायकांवर सोपवितात. १६८७ मध्ये आलेला फ्रेंच वकील ला लुबेर ह्याने त्याचे एक कारणही सांगितले आहे : प्रजाजन पुरुषास वर्षातील सहा महिने राजाची वेठ करावी लागे, म्हणून घर व बाजार दोन्ही स्त्रीच्या हाती राहत. त्यातच बहुतेक गावांत जावयाने सासुरवाडीस येऊन राहण्याची चाल होती. वधूच्या आईबापांस वराने 'सिनसोत' नावाची रक्कम द्यावयाची, म्हणजे आपल्याकडील हुंड्याची गंगा तेथे उलटी वाहत असे. ईशान्येकडील प्रांतांत आईबापांचे घर सहसा धाकट्या मुलीकडे जाई व म्हाताऱ्यांना सांभाळण्याचे कर्तव्यही तिच्याकडे येई. आपण ज्याला किंचित उपहासाने 'घरजावई' म्हणतो, तो तेथे सर्वसामान्य जावईच होता.

ह्या व्यवस्थेत परकीयाचे स्थान कोणते, हे ओसुत पेगुआ हिच्या चरित्रावरून ध्यानी येते. ही मोन वंशाची स्त्री सतराव्या शतकात आयुथ्येच्या डच वसाहतीत वाढली आणि डच कंपनी व राजदरबार ह्यांच्या दरम्यान व्यवहार जुळवून देण्यात तिने मोठे वजन मिळविले. कंपनीच्या वखारीचा प्रमुख येरेमियास फान फ्लीट ह्याच्याशी तिचा संसार होता आणि त्यांस मुली होत्या. पुढे त्याची बटाव्हियास बदली झाली. (बदलीची आज्ञा तेव्हाही कौटुंबिक अडचणी विचारून निघत नसे !) त्याने मुलींस आपल्याकडे मागितले. ओसुतने त्यांस सोडले नाही, आणि राजा प्रासात थोंग ह्याच्या राज्यात सयामी प्रजेच्या पोटी जन्मलेली मुले परदेशी नेण्यास मनाई होती. कंपनीपाशी जहाजे होती, तोफा होत्या, तरीही १६५८ मध्ये ओसुत मरण पावेपर्यंत त्या मुली आईपाशीच राहिल्या. बाप परका असो वा स्वकीय, मूल भूमीचे व आईचे, हा त्या राज्याचा दंडक होता. हा दंडक मुख्यतः मातृप्रेमासाठी केला होता असे मात्र कोणी समजू नये. मनुष्यबळ हेच राज्याचे खरे धन असल्याने राजास एकही प्रजाजन गमवावयाचा नव्हता. राज्याचा स्वार्थ आणि आईचे हृदय ह्यांचे येथे एकमत झाले. पुढील इतिहासात ते नेहमीच झाले नाही.

१८०५ मध्ये पहिल्या रामाने जुने कायदे तपासून 'तीन मुद्रांचा कायदा' सिद्ध केला. त्यातील पतिपत्नीविषयक भागात दोन प्रकारचे द्रव्य सांगितले आहे. लग्नापूर्वी ज्याचे जे होते ते त्याचे मूळ द्रव्य. आणि संसारात दोघांनी मिळविले ते 'सिन सोमरोत'. ह्यांतील 'सोमरोत' म्हणजे आपला 'समरस' हा शब्द होय. समरस झाल्यावर मिळविलेले धन, अशी त्याची फोड आपण सहज करू शकतो. आपल्या स्त्रीधनाच्या कल्पनेशी ह्याचे साम्य आहे, पण सयामी कायदा एक पाऊल पुढे होता : काडीमोड होताना पत्नीस समरस धनातील वाटा मिळे. तो पतीच्या वाट्याइतका मात्र नव्हता. समान वाट्यासाठी १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. हा 'समरस' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच शब्दापाशी आपणास परत यावयाचे आहे.

१८ एप्रिल १८५५ रोजी सर जॉन बाउरिंग ह्याने सयामशी तह केला. ह्या तहाने ब्रिटिश प्रजाजन सयामी न्यायालयाच्या कक्षेतून सुटून आपल्या वकिलातीच्या न्यायाखाली गेला. परंतु जमिनीच्या बाबतीत सयामी मुत्सद्द्यांनी सावधपणे बोलणी केलेली दिसतात. राजधानीच्या तटापासून चार मैलांच्या आत त्यास जागा भाड्याने मिळेल, पण दहा वर्षे वास्तव्य झाल्यावाचून अथवा विशेष परवानगीवाचून विकत मिळणार नाही. त्यापलीकडे, देशी होडी चोवीस तासांत जाईल तेवढ्या टापूत, तो जमीन घेऊ शकेल. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे केवळ गोरे नव्हेत. मुंबई व सुरतेचे व्यापारीही त्यातच मोडत. उत्तरेकडील सागवानाच्या जंगलांत काम करणारी बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये आपल्या मुंबईतच स्थापन झाली होती. चिअंग माई, लाम्पांगकडील जंगलांत राहिलेल्या कित्येक गोऱ्या नोकरांनी तेथील स्त्रियांशी संसार केले. त्या भागात कुलदैवते स्त्रीच्या वंशाकडून चालत येत, म्हणून पुरुषाने स्त्रीच्या घरच्या दैवतास द्रव्य अर्पण केले म्हणजे संबंध मान्य होई. कंपनीच्या साहेबालाही घरात शिरण्यापूर्वी सासूच्या दैवताची फी भरणे प्राप्त होते.

ह्या दुहेरी न्यायाचा काटा काढण्यासाठी सयामने जमिनीचाच उपयोग केला. १९०१ पासून शास्त्रशुद्ध मोजणीवर आधारलेले 'छानोत' नावाचे मालकीपत्र देण्यास आरंभ झाला. १९०९ च्या तहाने केडा, केलांतान, तेरेंगानू व पर्लिस ह्या चार मलायी संस्थानांवरील हक्क सयामने सोडले. त्याबरोबर ब्रिटिश प्रजाजन सयामी न्यायाखाली आले आणि मोबदल्यात त्यांस देशवासीयांप्रमाणे राहण्याचा, फिरण्याचा व मालमत्ता धारण करण्याचा हक्क मिळाला. आमची माती पाहिजे असेल तर आमच्या न्यायासनापुढे उभे राहा, असा हा रोकडा व्यवहार होता.

परंतु ह्याच सुमारास हिशेबाची दुसरी बाजू स्त्रीच्या माथी आली. १९१३ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने, परकीयाशी विवाह करणाऱ्या सयामी स्त्रीस पतीच्या देशाच्या कायद्याने त्याचे नागरिकत्व मिळत असेल, तर तिचे स्वतःचे जाई. ब्रिटिश कायदा तेव्हा पत्नीस आपोआप ब्रिटिश ठरवी. ओसुतच्या काळी परक्याशी संसार करणारी स्त्री राजाची प्रजाच राहिली होती. आता आपल्या आईच्या अंगणात उभी असताना ती परकी झाली!

पुढे राष्ट्रवादाचे वारे वाहू लागले. १९४३ मध्ये परकीयांच्या जमिनीसंबंधी कायदा झाला आणि १९५४ च्या भूमिसंहितेने त्यास पक्के रूप दिले. ज्या देशांशी तह होता त्यांच्याच नागरिकांस, तेही परवानगीने आणि राहण्यासाठी एका कुटुंबास एक राय, म्हणजे १६०० चौरस मीटरपर्यंतच, जमीन मिळू शके. ह्या देशांत भारतही होता. १९७० मध्ये ते तह संपुष्टात आले आणि ती वाट सर्वांसाठीच बंद झाली. तो काळ उडोन, कोरात, उतापाव येथील अमेरिकन विमानतळांचा होता. हजारो सैनिक आले, अनेकांनी संसार केले. कित्येक सोडून गेले, कित्येक राहिले. थाई पत्नीने जमीन घ्यावयाचे म्हटले की नोंदणी कचेरी विचारी, पैसा कोणाचा ? पतीचा असेल तर मालकी आडून परक्याची. १९६२ च्या नामविषयक कायद्याने विवाहितेस पतीचे आडनाव घ्यावेच लागे, त्यामुळे ते परदेशी आडनावच कचेरीत तिच्याविरुद्ध साक्ष देई. म्हणून अनेकींनी लग्नाची नोंदणीच केली नाही. गावजेवण झाले, मनगटास सूत बांधले गेले, पण सरकारी दप्तरात ती कुमारिकाच राहिली. जमीन राखण्यासाठी पत्नीपण लपवावे, अशी ही अवस्था होती. मुलांची गोष्टही तशीच. विवाहित थाई आईच्या, पण परक्या बापाच्या मुलास आईच्या नात्याने निरपवाद नागरिकत्व मिळाले ते १९९२ च्या दुरुस्तीने.

१९९७ च्या राज्यघटनेने समतेचे तत्त्व सांगितल्यावर १९९९ मध्ये गृहखात्याने मार्ग मोकळा केला. आता परकीयाची पत्नी जमीन घेऊ शकते. मात्र पतिपत्नींनी अधिकाऱ्यासमोर लेखी निवेदन द्यावयाचे की हा पैसा केवळ पत्नीचा आहे, तो 'सिन सोमरोत' नाही. वीस वर्षांच्या संसारात एकत्र साठविलेल्या पैशाबद्दल दोघांनी सही करून सांगावयाचे की हे धन समरस नव्हे !

पतीसाठी काही पळवाटा नव्हेत, पण पाऊलवाटा आहेत. जमीन पत्नीची आणि तीवरील घर पतीचे, असे वेगवेगळे हक्क नोंदविता येतात. तीस वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा होतो. १९७९ च्या कायद्यान्वये बांधलेल्या सदनिकांपैकी एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत परकीयांस मिळू शकतात. शिवाय तहहयात उपभोगाचा एक हक्क आहे. त्याचे थाई नाव 'सित्थी केप किन', म्हणजे 'वेचून खाण्याचा हक्क', असे साधे व शेतकरी वळणाचे आहे. हा हक्क नोंदविलेला नसेल आणि पत्नी आधी गेली, तर वारसाने आलेली जमीन पतीस सामान्यतः ठेवता येत नाही. १८० दिवसांपेक्षा कमी नाही व एका वर्षापेक्षा अधिक नाही अशा नेमून दिलेल्या मुदतीत ती विकावी लागते. तेराव्याचा विधी आटोपतो न आटोपतो तोच कॅलेंडरकडे पाहावयाचे. मुले असतील तर जमीन त्यांच्या नावे राहते आणि म्हातारा त्यांच्या छायेत राहतो.

ह्या सर्व इतिहासावरून सयामी लोकांस कोणी क्रूर म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. शेजारचे सर्व देश गिळले जात असता ज्या देशाने आपले स्वातंत्र्य राखले, त्याने मातीस जपावे हे स्वाभाविक होते. शिवाय मातीवर जावयाचे नाव नसणे हे त्या गावांत परक्यापुरते नव्हते; थाई जावईही सासूच्याच अंगणात आयुष्य काढी. आमची तक्रार निराळी आहे. मातीच्या रक्षणाची किंमत त्या देशाने परक्याकडून कमी आणि स्वतःच्या कन्यांकडून अधिक वसूल केली. परक्यास निदान परत जाण्यास देश होता. तिने नागरिकत्व गमावले, आडनावापायी जमीन गमावली आणि जमिनीपायी लग्न लपविले. आणि हे सर्व त्या समाजात, जेथे घर मुळातच तिचे होते.

आमच्यासारख्या फिरत्या नोकरांस ह्यातून घेण्यासारखे एवढेच, की घर कुठले ह्या प्रश्नास दप्तर एक उत्तर देते आणि चूल दुसरे. दोन्ही उत्तरे एक व्हावीत म्हणून शहाण्या मनुष्याने वेळीच कागद करून ठेवावेत, आणि ते करताना घरच्या बाईचे नाव प्रथम लिहावे. ओसुतपाशी असला कोणताच कागद नव्हता. तरीही मुली तिच्याजवळ राहिल्या, कारण त्या वेळी दप्तर आणि चूल ह्यांचे उत्तर एक होते.