खांब कुजला, खळगा उरला

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीत पुरलेली मेढ ताठ राहावी कशी, हा प्रश्न तीन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या नदीकाठी घरे बांधणाऱ्या शेतकऱ्यांपुढेही होताच.

१९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी व संगमनेरजवळचे जोर्वे येथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीचे नाव त्याच गावावरून पडले. घरांचे सविस्तर चित्र मात्र मिळाले ते शिरूर तालुक्यातील इनामगावला, १९६८ ते १९८३ च्या उत्खननात.

लाकूड इतकी शतके टिकत नाही. खांब कुजतो, वाळवी खाते, त्या जागी सैल, निराळ्या रंगाची माती भरते. उत्खनक जमीन हलक्या हाताने खरवडतो, तेव्हा तिचे वर्तुळ उमटते. वर्तुळांची रांग जुळली की भिंत कळते, कोपरा कळतो. आधीची आयताकृती घरे आणि उत्तर जोर्वे काळातील गोल झोपड्या यांतला फरक ओळखायला हे खळगेच कामी येतात. माझ्या मते सोन्याच्या मण्याहून खळगा मोलाचा. मणी परगावाहून येऊ शकतो, खळगा तिथेच खणावा लागतो.

नाशिकच्या जुन्या वाड्यांतला सागवानी खांब मातीत शिरतच नाही. तो जोत्यावर, दगडी तळखड्यावर उभा असतो. ओल आणि वाळवी त्याच्यापासून दूर राहतात. मात्र वाडा पाडून तळखडेही उचलून नेले, तर उद्याच्या उत्खनकाला त्या खांबाचा खळगासुद्धा सापडणार नाही.