वधूवेष, महाराष्ट्रीय

वधूवेष, महाराष्ट्रीय : विवाहविधीच्या वेळी वधूने धारण करावयाची वस्त्रे, अलंकार व सौभाग्यचिन्हे यांना मिळून वधूवेष म्हणतात. वधूवेषाची निवड ही सामान्यतः हौसेची व शोभेची बाब समजली जाते. महाराष्ट्रातील तिचा इतिहास पाहता मात्र वधूवेष हा दीर्घकाळ निवडीपेक्षा देण्याघेण्याचा विषय होता, असे दिसून येते. कोणते वस्त्र कोणी द्यावे, ते कोणत्या विधीस नेसावे, दागिना कोणाचा समजावा आणि तो केव्हा उतरवावा, हे रूढीने ठरलेले असे. या व्यवहारात वधूचे मत क्वचितच विचारले जाई. तिला स्वतःची निवड करता येऊ लागली ती प्रामुख्याने विसाव्या शतकात.

वस्त्रे : महाराष्ट्रातील वधूचे परंपरागत वस्त्र म्हणजे नऊ वार (सु. ८·२३ मी.) लांबीचे लुगडे व चोळी. विवाहातील पिवळ्या वस्त्राला विशेष महत्त्व आहे. हळदीच्या रंगाच्या या वस्त्रास अष्टपुत्री म्हणतात. ते बहुधा मामाकडून येते आणि ते नेसून वधू गौरीहरापुढे बसते. मुहूर्ताच्या वेळी मामाच तिला अंतरपाटापाशी घेऊन येतो. पुढील विधींसाठी अनेक कुटुंबांत वरपक्षाने आणलेला शालू किंवा पैठणी नेसण्याची चाल आहे. माहेरचे वस्त्र उतरवून सासरचे नेसणे, हे वधूच्या कुलांतराचे दृश्य रूप होय. शालू हा मुख्यतः बनारसचा. पैठणी गोदाकाठच्या पैठणची असून पुढे येवले हे तिच्या विणकामाचे मोठे केंद्र बनले. २०१० मध्ये तिची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंद झाली. अशी भरजरी वस्त्रे सधन घरांतच दिसत. शेतकरी व श्रमिक कुटुंबांतील वधू साध्या सुती लुगड्यावर, देशावरच्या दक्षिणेकडील भागात इरकली लुगड्यावर, बोहल्यावर चढे. हिंदू कुटुंबांत काळा रंग मंगलकार्यात वर्ज्य मानला जातो. तथापि विवाहानंतरच्या पहिल्या मकरसंक्रांतीस नववधूस काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात.

अलंकार व सौभाग्यचिन्हे : वधूच्या कपाळावर मुंडावळ्या बांधतात, काही जातींत वधूवरांना बाशिंगेही बांधली जातात. विवाहापूर्वी कासाराकडून वधूच्या हातांत हिरव्या काचेचा चुडा भरला जातो. काळे मणी व सोन्याच्या दोन वाट्या असलेले मंगळसूत्र, पायांतील जोडवी, कपाळावरील कुंकू व हातांतील हिरव्या बांगड्या ही प्रमुख सौभाग्यचिन्हे होत. त्यांखेरीज ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, पुतळ्यांची माळ, कोल्हापुरी साज, पाटल्या, तोडे, वाक्या इ. दागिने ऐपतीप्रमाणे घातले जातात. आज महाराष्ट्रीय वधूची खूण मानली जाणारी नथ मात्र फारशी प्राचीन नाही. प्राचीन भारतीय शिल्पांत व संस्कृत वाङ्मयात नासिकालंकार आढळत नाहीत, याकडे प. कृ. गोडे यांनी लक्ष वेधले होते. परंपरागत समजले जाणारे वेषही काळाच्या ओघात घडत गेले आहेत, याचे हे उदाहरण होय.

पनवेल परिसर : वधूवेषाच्या या इतिहासाचे विविध पदर पनवेल परिसरात एकत्र पाहावयास मिळतात. खाडीवरील बंदर आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील पेठ, असे पनवेलचे दुहेरी महत्त्व होते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. पूर्वीच्या कुलाबा व १९८१ पासून रायगड जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण असल्याने आसपासच्या गावांतील आगरी, कराडी, कोळी, ठाकूर, कातकरी इ. समाजांचा बाजारहाट येथेच होई. विवाह ठरल्यावर दोन्हीकडील वडीलधाऱ्यांनी तालुक्याच्या कापडपेठेत जाऊन वधूवरांची व मानपानाची सर्व वस्त्रे एकदम खरेदी करावयाची, या प्रथेस बस्ता बांधणे असे म्हणतात. कोणाला किती किमतीचे लुगडे द्यावयाचे हे दुकानातील गादीवरच ठरे आणि वधूचा शालू हा त्या मोठ्या गठ्ठ्यातील एक नग असे. मानपानात उणेपणा राहिल्यास त्याचे बोल पुढे वधूलाच ऐकावे लागत.

आगरी विवाहात धवलारीण ही स्त्री धवले गाऊन विधी चालविते. हळद हा या विवाहाचा मोठा सोहळा असून पिवळ्या वस्त्राचे महत्त्व येथेही दिसते. शेतात, मिठागरांत व खाडीत काम करणाऱ्या या भागातील स्त्रियांचे लुगडे गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेले असे. कोळी स्त्रिया लुगडे व चोळी यांवर खांद्यावरून फडकी घेत. नेसण्याची ही पद्धत श्रमाशी निगडित होती आणि विवाहाच्या दिवशीही ती सहसा बदलत नसे. टाचेपर्यंत येणारी गोल साडी ही या समाजांत नंतर रूढ झाली.

पनवेल येथे बेने इस्राएल समाजाचे १८४९ मध्ये बांधलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. मराठी मातृभाषा असलेल्या या यहुदी समाजात विवाहापूर्वी मेंदीचा विधी होतो. शेजारच्या हिंदू समाजाप्रमाणे काळ्या मण्यांचे मंगळसूत्र व हिरव्या बांगड्या यांचाही त्यांनी स्वीकार केला होता. आधुनिक काळात बेने इस्राएल वधू बहुधा पांढरी साडी नेसते. विवाहप्रसंगी ‘केतुबा’ हा करारलेख वाचला जातो व त्यात पतीचे पत्नीविषयीचे आर्थिक दायित्व नमूद असते. मुसलमानांच्या निकाहातही वधूस द्यावयाचा मेहेर ठरविला जातो. हिंदू विवाहांत ‘याद’ करण्याची, म्हणजे देण्याघेण्याची यादी कागदावर मांडण्याची, पद्धत होती. तथापि ही याद दोन कुटुंबांमधील असे. वधूच्या हक्काचा लेख म्हणून तिच्याकडे पाहिले जात नसे.

स्त्रीधन व कायदा : विवाहात वधूस मिळालेली वस्त्रे व दागिने कोणाचे, हा वधूवेषासंबंधीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. पिता, माता, पती व बंधू यांनी दिलेले आणि विवाहाग्नीसमोर मिळालेले धन हे स्त्रीधन होय, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. तीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याप्ती आणखी वाढविली. व्यवहारात मात्र दागिने सासूच्या पेटीत ठेवले जात; पीक बुडाल्यास किंवा नणंदेचे लग्न निघाल्यास प्रथम ते गहाण पडत. काही वेळा वधूच्या अंगावर घातलेले दागिने उसने आणलेले असत व समारंभानंतर ते परत जात. सोन्याचा तोळा (सु. ११·६६ ग्रॅ.; आता व्यवहारात १० ग्रॅ.) हे जसे प्रतिष्ठेचे, तसेच कर्जाचेही माप होते.

हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ नुसार हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता अन्य व्यक्तीकडे असल्यास ती ठराविक मुदतीत वधूच्या स्वाधीन करणे बंधनकारक झाले. १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवण्याची तरतूद केली. जुन्या यादीला जणू कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याच वर्षी प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात स्त्रीधनावर पत्नीचा संपूर्ण हक्क असून ते सासरच्या मंडळींच्या ताब्यात असले, तरी ते केवळ विश्वासाने सोपविलेले असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. हा हक्क सांगण्याचे धैर्य व पुरावा मात्र अनेक स्त्रियांपाशी नसतो.

निवडीचा उदय : वधूच्या निवडीचा प्रश्न तिच्या वयाशी निगडित आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीला नऊवारी लुगड्यात गुंडाळून बोहल्यावर उभे करीत, त्या काळी तिची पसंती हा विषयच संभवत नव्हता. बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाने (१९२९) मुलींचे किमान विवाहवय १४ ठरविले. १९४९ मध्ये ते १५ व १९७८ मध्ये १८ करण्यात आले. वयोमर्यादेबरोबर स्त्रीशिक्षण व नोकरी यांचा प्रसार झाला आणि वधू स्वतः कापडाच्या दुकानात येऊ लागली. याच काळात पाचवारी साडी सर्वत्र रूढ झाली. नऊवारी दैनंदिन वापरातून गेली, परंतु विवाहविधीत टिकून राहिली. आता ती नेसता न येणाऱ्या वधूंसाठी तयार शिवलेली नऊवारी मिळते.

समाजसुधारणेच्या चळवळींनी या वेषास वेगळे वळण दिले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना व अल्प खर्चाच्या विवाहाचा पुरस्कार केला. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध विवाहांत वधूवरांनी शुभ्र वस्त्रे परिधान करण्याची प्रथा पडली. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये आपल्या विवाहात पांढरा पोशाख केला आणि तेथून तो पाश्चात्त्य वधूंत लोकप्रिय झाला. महाराष्ट्रात पांढरे वस्त्र अनेक जातींत वैधव्याचे मानले जाई. त्यामुळे बौद्ध वधूच्या शुभ्र साडीला केवळ रंगबदलापलीकडचा अर्थ आहे : कोणता रंग मंगल मानावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार त्या समाजाने स्वतःकडे घेतला.

सौभाग्यचिन्हे व वैधव्य : वधूवेषातील जी चिन्हे समारंभपूर्वक दिली जातात, तीच पतीच्या निधनानंतर काढून घेतली जात. चुडा फोडणे, मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे व जोडवी काढणे या प्रथांमुळे वधूला मिळालेला वेष हा अटीवर मिळालेला होता, हे स्पष्ट होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी सुचविले.

सद्यःस्थिती : नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० नंतर ठाणे, पनवेल व उरण भागांतील गावांच्या जमिनी संपादित झाल्या. शेती गेली आणि काही कुटुंबांच्या हाती मोबदल्याची रोकड आली. तिचा बराच भाग हळद, दागिने व मानपान यांवर खर्च झाला. या खर्चास आळा घालण्याचे प्रयत्न आगरी समाजातूनच वेळोवेळी झाले आहेत. पनवेलच्या पेठेत आज पैठणी व शालू यांच्या जोडीला उत्तर भारतीय घागरा मिळतो, तसेच भाड्याने मिळणारी वस्त्रे व नकली दागिने यांचाही वापर वाढला आहे. भाड्याच्या वेषाने कर्ज टळते, परंतु त्यातून स्त्रीधन निर्माण होत नाही. वधूवेषाचा रंग व घाट आता पुष्कळ अंशी वधू स्वतः निवडते. मात्र त्याचा खर्च बहुतांशी आजही तिच्या माहेरावर पडतो. अंगावर घातलेले सोने विवाहानंतर तिच्याच ताब्यात राहील, याची शाश्वती प्रत्येक वधूला मिळालेली नाही.