पिवळा क्रोकस

केसर कुलातील (इरिडेसी) एक लहान, बहुवर्षायू, एकदलिकित ओषधी. शास्त्रीय नाव क्रोकस फ्लेव्हस. ते रिचर्ड वेस्टन यांनी १७७१ मध्ये दिले. केशर देणारी क्रोकस सॅटायव्हस ही जाती याच प्रजातीतली. पिवळ्या क्रोकसचे मूळस्थान बाल्कन प्रदेश (ग्रीस, बल्गेरिया, रोमानिया व लगतचा भाग) आणि पश्चिम तुर्कस्तान असून हिवाळा सरता सरता तिला बहर येतो.

या वनस्पतीचे बरेचसे आयुष्य मातीखाली जाते. जमिनीतील खोड म्हणजे दृढकंद. कांद्यासारखे मांसल पापुद्रे त्यात नसतात. तो सुरणाप्रमाणे आतून भरीव असतो व त्यात स्टार्च साठवलेला असतो. त्याचे बाहेरचे पातळ आवरण समांतर धाग्यांत फाटते. जुनी आवरणे कुजून न जाता माथ्यावर साचतात व धाग्यांची लांब मान बनते. जाती ओळखण्याची ही एक चांगली खूण होय. दर वर्षी जुन्या कंदाच्या माथ्यावर नवा कंद धरतो आणि जुना सुकतो. अशाने कंद हळूहळू उघडा पडला असता. पण जाड, आकसणारी मुळे नव्या कंदाला पुन्हा खाली ओढून घेतात.

पाने चार ते आठ, अरुंद, गवतासारखी. मध्यावर पांढरा पट्टा. ती फुलांबरोबरच येतात, फुले ओसरल्यावर लांब वाढतात आणि उन्हाळ्यापूर्वी वाळतात. कोरडा उन्हाळा कंद सुप्तावस्थेत काढतो.

फुले सुगंधी, फिकट पिवळी ते गर्द नारिंगी-पिवळी. मातीतून वर आलेला फुलाचा दांडा हा खरा दांडा नव्हे. सहा परिदले तळाशी जुळून झालेली ती नळी असते. किंजपुट जमिनीखालीच असल्याने थंडीपासून त्याचे रक्षण होते. ऊब मिळताच फूल उमलते, गारठ्यात मिटते. केसरदले तीन. किंजलाच्या तीन शाखा आखूड, परागकोशांहून खुज्या. केशराच्या दृष्टीने त्या निरुपयोगी. पश्चिम तुर्कस्तानातील डिसेक्टस या उपजातीत मात्र किंजलाला सहा वा अधिक बारीक फाटे फुटतात. परागण मुख्यतः मधमाश्या करतात. बी धरल्यावर खरा दांडा लांबतो आणि बोंड जमिनीवर येऊन तडकते.

युरोपातील बागांत सर्वत्र दिसणारा मोठ्या फुलांचा पिवळा क्रोकस ही रानटी जाती नव्हे; या दोहोंची गल्लत नेहमी होते. क्रोकस फ्लेव्हस (८ गुणसूत्रे) व क्रोकस अँगस्टिफोलियस (१२) यांचा तो संकर आहे. पहिल्याची आठही आणि दुसऱ्याची सहा मिळून त्यात १४ गुणसूत्रे आली. असा त्रिगुणित संकर वांझ असतो. त्याची लागवड केवळ कंदांपासूनच होते. केशराची वनस्पतीही त्रिगुणित व वांझ असून तिचीही लागवड कंदांनीच करतात.