गालॅपागस निसर्गसफर
गालॅपागस निसर्गसफर : पॅसिफिक महासागरातील गालॅपागस बेटांभोवती लहान जहाजांतून केले जाणारे अभ्यासपर पर्यटन. विषुववृत्तावरील हा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह एक्वादोरच्या किनाऱ्यापासून सु. १,००० किमी. पश्चिमेस आहे. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये येथे आले होते. १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १९७८ मध्ये बेटांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

सफरीच्या जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी असतात. जहाज नांगरून रबरी मोटारबोटींतून किनारा गाठतात. धक्का नसेल तेथे गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. अधिकृत मार्गदर्शक सक्तीचा असून आखलेली पायवाट सोडता येत नाही व प्राण्यांपासून २ मी. दूर राहावे लागते.

काळ्या लाव्हा खडकांवर सागरी इग्वाना ऊन खात पडलेले असतात. समुद्री शैवाल खाताना पोटात गेलेले जादा मीठ ते नाकपुड्यांतून पिचकारीसारखे बाहेर टाकतात. खारफुटीच्या शांत खाड्यांत हिरवी कासवे दिसतात. हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे विषुववृत्तावर असूनही येथे पेंग्विन आढळतात. जानेवारी ते मे हा उबदार काळ पोहण्यास सोयीचा असतो. जून ते डिसेंबरमध्ये समुद्र थंड व खवळलेला, पण सागरी जीवांच्या खाद्याने समृद्ध असतो.