कधी तिसरी, कधी बारावी : दशावतारी गंजिफाच्या संचाची घडण

१/ डिजिटल पत्त्यांच्या खेळात संच बांधणाऱ्यापुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो : भिस्त मोजक्या बलाढ्य पानांवर ठेवावी, की मधल्या बळाच्या, ज्याला ‘मिडरेंज’ म्हणतात अशा पानांवर? सावंतवाडीत आजही रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफाच्या रचनेत या प्रश्नाचे एक जुने आणि विचारपूर्वक दिलेले उत्तर आढळते.

२/ गंजिफाची पाने गोल असतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. ऐन-ए-अकबरीत अबुल फजल १२ रंगांच्या, १४४ पानांच्या संचाचे वर्णन करतो. त्यात अश्वपती, गजपती, नरपती असे रंग आहेत. अकबराने त्यात फेरफार केल्याचेही तो सांगतो. पुढे रूढ झालेला मुघल धाटणीचा संच ८ रंगांचा, ९६ पानांचा.

३/ दशावतारी संचात विष्णूचा प्रत्येक अवतार हा एक रंग. १० रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२०. रंगांची संख्या बदलत गेली, पण रंगाची आतली बांधणी तीच राहिली : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने.

४/ खरी खुबी पुढे आहे. पाच रंगांत राजा आणि प्रधान यांच्याखाली दश्शी, नव्वी, अठ्ठी असा उतरता क्रम लागतो. उरलेल्या पाच रंगांत तो उलटतो : प्रधानाखाली एक्का, मग दुर्री, तिर्री आणि सर्वांत शेवटी दश्शी.

५/ याचा परिणाम मोजून पाहावा. दश्शी एका रंगात तिसरी, तर दुसऱ्या रंगात बारावी. एक्क्याचेही तसेच. मधली पाने मात्र फारशी हलत नाहीत. छक्की सरळ रंगात सातवी, उलट्या रंगात आठवी. पंजी सरळ रंगात आठवी, उलट्या रंगात सातवी. टोकांची पाने रंगागणिक वर-खाली होतात, मधली स्थिर राहतात.

६/ खेळाडू तिघे. प्रत्येकाला ४० पाने. दिवसा खेळ रामाच्या रंगाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. एखाद्या रंगाने दुसऱ्या रंगाला कापण्याची सोय नाही. येथे हुकूम म्हणजे त्या त्या रंगातील, अजून न पडलेल्या पानांपैकी सर्वांत वरचे पान.

७/ म्हणून सरळ रंगातील छक्कीचे बळ तिच्यावर रंगवलेले नसते. तिच्यावरची सहा पाने पडली की ती आपोआप हुकूम होते. पण ती सहाही पडली हे ज्याच्या ध्यानात असेल, त्यालाच ते कळते. १२० पानांचा हिशेब मनात ठेवणे हाच या खेळाचा कस. थोर पाने दैवाने हाती येतात. मधली पाने स्मरणाने जिंकतात.

८/ हाताने रंगवलेल्या १२० पानांना स्वस्त, छापील, बावन्न पानी कॅटाशी टक्कर देणे जड गेले. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. पुंडलिक चितारी यांच्यासारख्या जुन्या कारागिरांची विद्या त्यामुळे पुढच्या हातांत गेली.

९/ कला वाचली. खेळाचे तसे म्हणता येत नाही. आज हे संच मुख्यतः शोभेची वस्तू वा भेट म्हणून विकत घेतले जातात. चौकटीत बसवलेला मत्स्याचा राजा देखणाच दिसतो. राजा चित्रातही राजाच असतो. छक्कीला मात्र खेळाडू लागतो. तिचे मोल कागदावर किंवा रंगात नसून तिघांच्या स्मरणात होते. दशावतारी गंजिफा जपायचा, तर रंगांइतकाच पानांचा क्रमही पुढच्या पिढीला शिकवावा लागेल.